चंद्राच्या उलट बाजूलाही भरती का येते?

प्रश्न असा आहे: चंद्र समुद्राचं पाणी स्वतःकडे ओढतो म्हणून भरती येते, असं आपण शिकतो. मग चंद्राकडे पाठ असलेल्या बाजूलाही त्याच वेळी पाणी का फुगतं? दिवसाला एकच भरती यायला हवी, दोन का? आणि सूर्याची ओढ चंद्राच्या कितीतरी पट असताना भरती-ओहोटी चंद्राच्या चालीने का चालते?

माझी उभी कारकीर्द भरतीमापकांच्या नोंदी वाचण्यात आणि त्यांवरून बंदरांची भरतीची कोष्टकं तयार करण्यात गेली. हे प्रश्न मला विद्यार्थ्यांनी विचारले आहेत, तसेच वर्षानुवर्षं समुद्रावर काढलेल्या जहाजी अधिकाऱ्यांनीही. तिन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, आणि "चंद्र पाणी ओढतो" या सोप्या वाक्यात नेमकं तेच झाकलं जातं. चंद्र सगळी पृथ्वीच ओढतो: पाणी, समुद्राचा तळ, खडक, आपण, सगळं. ही ओढ सगळीकडे अगदी सारखी असती, तर समुद्राला चंद्र आहे की नाही हे कळलंसुद्धा नसतं. ती जागोजागी किंचित वेगळी आहे, आणि त्या किंचित फरकातून भरती जन्माला येते.

हे आकड्यांतून पाहणं मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं, कारण चित्रं फसवतात. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. म्हणजे चंद्रासमोरचा किनारा त्याच्यापासून सुमारे ३,७८,००० किलोमीटरवर आणि पलीकडचा किनारा सुमारे ३,९०,८०० किलोमीटरवर. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं. आता चंद्रामुळे मिळणारं त्वरण मोजायला एक छोटं माप घेऊ: मीटर प्रति सेकंद वर्गाचा एक कोटीवा भाग. या मापात चंद्राची ओढ समोरच्या बाजूला ३४३ भरते, पृथ्वीच्या केंद्राशी ३३२ आणि पलीकडच्या बाजूला ३२१.

हे तीन आकडे लक्षात ठेवा. पुढचं बरंचसं त्यांच्यातूनच निघतं.

पृथ्वी एकसंध आहे, त्यामुळे ती सगळीच्या सगळी केंद्राच्या हिशेबाने, ३३२ ने, चंद्राकडे पडत असते. "पडत" हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. चंद्र जसा सतत पृथ्वीकडे पडत असतो आणि तरी आडव्या गतीमुळे तिच्याभोवती फिरत राहतो, तशीच पृथ्वीही चंद्राकडे पडत असते. दोघांच्या सामाईक केंद्राभोवती ती महिन्याला एक छोटा फेरा मारते. समोरच्या पाण्याला ३४३ ची ओढ आहे, म्हणजे पृथ्वीपेक्षा ११ ने जास्त. ते पृथ्वीच्या पुढे जाऊ पाहतं. पलीकडच्या पाण्याला ३२१, म्हणजे पृथ्वीपेक्षा ११ ने कमी. ते मागे राहू पाहतं. पृथ्वीवर उभं राहून बघणाऱ्याला दोन्हीकडे एकच दिसतं: पाणी केंद्रापासून दूर निघालंय. एका ओळीत तिघे चालताहेत, पहिला जरा झपझप, मधला मध्यम, तिसरा सावकाश. मधल्याच्या दृष्टीने पुढचाही लांब जातो आणि मागचाही. मागच्याला कोणी उलट्या दिशेने ढकलत नाहीये, तो फक्त कमी चालतोय.

म्हणून दोन फुगवटे, आणि म्हणून पृथ्वीच्या एका फिरकीत प्रत्येक किनारा दोनदा फुगवट्याखालून जातो. दरम्यान चंद्रही आपल्या कक्षेत पुढे सरकलेला असतो. पृथ्वीला त्याला गाठायला आणखी ५० मिनिटं लागतात, म्हणून चंद्राचा दिवस २४ तास ५० मिनिटांचा आणि दोन भरत्यांमधलं अंतर सरासरी १२ तास २५ मिनिटं.

इथे एका गैरसमजाबद्दल बोलायलाच हवं, कारण तो छापील पुस्तकांतही आढळतो. पृथ्वी आणि चंद्र ज्या सामाईक केंद्राभोवती फिरतात ते पृथ्वीच्या पोटातच, तिच्या केंद्रापासून सुमारे ४,६७० किलोमीटरवर आहे. तेव्हा समोरची भरती गुरुत्वाकर्षणाची आणि मागची भरती या फिरण्यातल्या केंद्रोत्सारी बलाची (फिरणाऱ्या वस्तूला बाहेर फेकू पाहणाऱ्या बलाची), कारण मागची बाजू त्या केंद्रापासून जास्त लांब, असं समजावलं जातं. हे चूक आहे. हातात ताटली धरा आणि ती स्वतःभोवती न वळवता हवेत गोल फिरवा. ताटलीचा प्रत्येक बिंदू अगदी सारख्याच आकाराचं वर्तुळ काढतो, फक्त वेगवेगळ्या जागी. पृथ्वीचा हा मासिक फेराही तसाच आहे, तिची रोजची फिरकी ही वेगळी बाब. म्हणजे या फेऱ्यातून येणारं केंद्रोत्सारी बल पृथ्वीवर सगळीकडे सारखंच, आपल्या मापात ३३२. ते वजा करा किंवा "पृथ्वी ३३२ ने पडते" म्हणा, हिशेब तोच राहतो. समोर ११ उरतात, मागेही ११ उरतात. दोन्ही भरत्यांचं मूळ एकच आहे.

आणि बाजूला, जिथे चंद्र क्षितिजावर दिसतो तिथे? तिथली ओढ ३३२ च असते, पण दिशा जराशी तिरपी, चंद्राकडे एकवटत जाणारी. केंद्राची ओढ वजा केल्यावर उरतो तो आत, पृथ्वीच्या केंद्राकडे जाणारा दाब, सुमारे साडेपाच. म्हणून चंद्राच्या रेषेत पाणी फुगतं आणि तिच्या काटकोनात ते बसतं. भरती आणि ओहोटी अशी जोडीने येतात.

आता या ११ ची ताकद किती ते बघू. पृथ्वीचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण याच मापात ९ कोटी ८० लाख भरतं. ९ कोटी ८० लाखांसमोर ११! पाण्याचा थेंबसुद्धा यातून उचलला जाणार नाही. चंद्र पाण्याला वर उचलून धरतो हे चित्र मनातून पुसायचं ते यासाठी. चंद्र नेमका डोक्यावर असतो तिथे ही ओढ सरळ वर असते आणि तिचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही.

खरं काम होतं ते मधल्या पट्ट्यात, जिथे चंद्र क्षितिज आणि माथा यांच्या अधेमधे, ४५ अंशांवर असतो. तिथे या शिल्लक ओढीचा मोठा भाग जमिनीला समांतर असतो, सुमारे ८. आडव्या दिशेत पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण विरोधच करत नाही, ते फक्त खाली ओढतं. त्यामुळे ९ कोटी ८० लाखांशी झुंजायची गरज उरत नाही आणि ते बारीकसे ८ पाण्याला आडवं सरकवू लागतात. महासागर चारी बाजूंनी थोडा थोडा सरकतो आणि चंद्राच्या रेषेत जमा होतो.

किती सरकतो? या आडव्या ओढीला तोलून धरायला पाण्याच्या पृष्ठभागाला जो उतार लागतो तो फार तर हजार किलोमीटरला ८ सेंटीमीटर. एवढा सपाट उतार डोळ्यांना दिसणं शक्यच नाही. पण पृथ्वीवर ओहोटीच्या पट्ट्यापासून भरतीच्या टोकापर्यंतचं अंतर पाव परीघ, म्हणजे १०,००० किलोमीटर. कुठे ८, कुठे २, कुठे ५ असा उतार बेरजेला घेत गेलं की दोन टोकांत सुमारे ५४ सेंटीमीटरचा फरक पडतो. सगळी पृथ्वी एकसारख्या खोल समुद्राने झाकलेली असती आणि पाण्याला सावकाश जुळवून घ्यायला वेळ मिळाला असता, तर चंद्रामुळे येणारी भरती एवढीच असती. न्यूटनने १६८७ साली मांडलेल्या विवेचनाचं हे सार आहे.

यातूनच कळतं की भरतीला लांबी लागते. १० किलोमीटरच्या तलावात टोकापासून टोकापर्यंत फरक १ मिलिमीटरही भरत नाही. उत्तर अमेरिकेतली पंचमहासरोवरं एवढी अवाढव्य, पण त्यांची भरती ५ सेंटीमीटरच्या आतच. माणसाच्या शरीरात इतकं पाणी, मग पौर्णिमेला त्यालाही भरती येत असेल, असं मला अनेकांनी कळकळीने विचारलं आहे. दोन मीटर लांबीत हा उतार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकाही भरत नाही. भरती पाण्याच्या असण्यावर ठरत नाही, ती हजारो किलोमीटर सलग पसरलेल्या पाण्याची गोष्ट आहे.

सूर्याचा प्रश्न आता एका वाक्यात सुटतो: त्याची ओढ प्रचंड, पण फरक किरकोळ. आपल्या मापात सूर्याची पृथ्वीवरची ओढ ५९,३०० भरते, चंद्राच्या १७९ पट. पण सूर्य जवळजवळ १५ कोटी किलोमीटरवर आहे. इतक्या लांबून पृथ्वीची समोरची बाजू आणि केंद्र यांतले ६,३७१ किलोमीटर म्हणजे काहीच नाहीत. ५९,३०० मध्ये फरक पडतो तो अवघा ५ चा. चंद्राच्या ३३२ मध्ये पडतो ११ चा. गणिताच्या भाषेत, ओढ अंतराच्या वर्गाने घटते पण ओढीतला फरक अंतराच्या घनाने घटतो. म्हणून जवळचा लहानगा चंद्र दूरच्या राक्षसी सूर्यावर मात करतो. तरी सूर्याचे ५ म्हणजे चंद्राच्या ११ च्या जवळपास निम्मे, अगदी नेमकं सांगायचं तर ४६ टक्के. ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत.

अमावास्येला सूर्य आणि चंद्र एकाच बाजूला असतात, पौर्णिमेला समोरासमोर. दोन्ही वेळा ते एकाच रेषेत असतात, आणि फुगवटे दोन्ही बाजूंना असल्यामुळे रेषेत असलं म्हणजे पुरे. ११ आणि ५ मिळून १६: हे उधाण. अष्टमीच्या आसपास दोघे काटकोनात, एकाच्या भरतीच्या जागी दुसऱ्याची ओहोटी. ११ मधून ५ गेले, उरले ६: ही भांगाची भरती. उधाणात पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, भांगात जेमतेम हलतं. पौर्णिमेचंही उधाण अमावास्येइतकंच जोरदार का, याचं कोडं उलट बाजूचा फुगवटा मान्य केल्याशिवाय सुटत नाही.

यात चंद्राच्या अंतराची भर पडते. त्याची कक्षा लंबवर्तुळाकार आहे: जवळ येतो तेव्हा सुमारे ३,६३,००० किलोमीटर, लांब जातो तेव्हा ४,०५,००० च्या आसपास. अंतरातला हा फरक साधारण ११-१२ टक्क्यांचा वाटतो, पण घनाच्या नियमाने भरतीच्या ओढीत तो ४० टक्क्यांपर्यंत जातो. जवळचा चंद्र आणि उधाण एकाच वेळी जुळून आलं की वर्षातल्या सर्वांत मोठ्या भरत्या येतात.

इथवरचं सगळं ओढीबद्दल झालं. पाणी प्रत्यक्षात काय करतं ही वेगळी कथा आहे आणि माझा सगळा जीव तिच्यात अडकलेला आहे. पृथ्वीभोवती अंड्याच्या आकाराचा पाण्याचा थर आणि त्याच्या आत फिरणारी पृथ्वी हे चित्र प्रत्येक पुस्तकात असतं. ते बलाचं चित्र म्हणून बरोबर आहे, पाण्याचं चित्र म्हणून खोटं. असा फुगवटा समुद्रात कुठेही नाही. चंद्राखाली राहायचं तर विषुववृत्तावर त्या फुगवट्याला ताशी १,६०० किलोमीटरने पळावं लागेल. इतकी लांब लाट समुद्रात किती वेगाने जाईल हे केवळ खोलीवर ठरतं, आणि सरासरी ४ किलोमीटर खोलीच्या महासागरात तो वेग ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास येतो. चंद्राला गाठायला समुद्र सुमारे २० किलोमीटर खोल असायला हवा होता. शिवाय वाटेत खंड आडवे आहेत. फ्रेंच गणिती लाप्लासने हे १७७५ च्या सुमारास ओळखलं आणि प्रश्नच बदलला: चंद्र-सूर्याच्या तालबद्ध धक्क्यांना या आकाराचं, या खोलीचं, फिरत्या पृथ्वीवरचं पाणी कसा प्रतिसाद देईल?

पाण्याने भरलेली परात उचलून चालून बघा. परातीतल्या पाण्याला स्वतःची एक लय असते. पावलं त्या लयीत पडली की पाणी काठावरून उसळतं, लय चुकली की नुसतं थरथरतं. महासागरांची खोरी, उपसागर, खाड्या या सगळ्या अशाच पराती आहेत, प्रत्येकीची लय वेगळी. चंद्राचा ठोका मात्र सगळ्यांना एकच, दर १२ तास २५ मिनिटांनी. कॅनडातल्या फंडीच्या उपसागराची, बाहेरच्या मेनच्या आखातासकट, स्वतःची लय सुमारे १३ तासांची आहे. ठोक्याशी ती जवळजवळ जुळते, म्हणून तिथे भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो, पाच मजली इमारतीइतका. ओढ तीच, ५४ सेंटीमीटरवाली. भूमध्य समुद्राचं तोंड अरुंद आणि लय जुळत नाही, म्हणून तिथल्या बहुतेक किनाऱ्यांवर पाणी काही वितीच हलतं.

पृथ्वीच्या फिरकीमुळे वाहतं पाणी एका बाजूला वळतं, त्यामुळे ही हालचाल सरळ पुढे-मागे न होता गोल फिरू लागते. भरतीची लाट खोऱ्याच्या काठाकाठाने चक्कर मारते आणि मध्ये एक जागा अशी राहते जिथे पाणी चढतही नाही, उतरतही नाही. अशी एक जागा उत्तर समुद्रात असली पाहिजे, असं इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम ह्यूएलने १८३६ मध्ये फक्त किनाऱ्यावरच्या नोंदी जुळवून सांगितलं. १८४० मध्ये ब्रिटिश नौदलाच्या कॅप्टन हेविटने इंग्लंड आणि हॉलंडच्या मध्ये नांगर टाकून पाणी मोजलं, आणि ते खरोखरच जवळपास स्थिर निघालं. मला ही घटना फार भिडते. भर समुद्रात जिथे कुणी कधी काही मोजलेलं नाही, तिथे काय घडत असेल ते चारी काठांवरच्या नोंदींनी सांगितलं.

न्यूझीलंडकडे पाहा. चंद्राची भरती-लाट या बेटांभोवती प्रदक्षिणा घालते, दर १२ तास २५ मिनिटांनी एक. एका किनाऱ्याला भरती असते तेव्हा बेटाच्या विरुद्ध अंगाला साधारण ओहोटी. चंद्र मात्र दोघांच्याही डोक्यावर जवळजवळ एकाच वेळी असतो. प्रशांत महासागरातल्या ताहितीची गोष्ट आणखी विलक्षण आहे. ते बेट चंद्राच्या लाटेच्या अशाच एका शांत जागेजवळ येतं. चंद्राचा वाटा तिथे इतका क्षीण होतो की सूर्य वरचढ ठरतो, आणि भरती रोज दुपारी बाराच्या आणि मध्यरात्रीच्या आसपासच येते. ५० मिनिटांनी पुढे सरकण्याचा नियम तिथे चालत नाही. व्हिएतनामजवळच्या टोंकीनच्या आखातात दिवसाला एकच भरती येते, न्यूटनच्या काळापासून माहीत असलेली गोष्ट. चंद्र विषुववृत्ताच्या वर-खाली जात असल्यामुळे दोन फुगवटे कोणत्याही जागेला सारखे लागत नाहीत, एक मोठा, एक लहान. त्या असमतोलातून दिवसाला एकदा पडणारा ठोका तयार होतो आणि टोंकीनची परात त्याच ठोक्याला साथ देते.

इतका गुंता असताना आम्ही पुढच्या वर्षीच्या भरतीची वेळ मिनिटांत कशी सांगतो? त्यासाठी भरतीमापकापाशी यावं लागेल. धक्क्याला एक उभा पाइप बसवलेला असतो, तळाशी एक लहानसं छिद्र. बाहेर लाटा कितीही आपटोत, छिद्रातून त्यांना आत घुसायला वेळ मिळत नाही. आतलं पाणी तेवढं संथपणे चढतं आणि उतरतं. त्यावर एक तरंगता गोळा, त्याची तार कप्पीवरून एका लेखणीला जोडलेली, आणि लेखणीखाली घड्याळाच्या गतीने फिरणारा कागद. आता रडारची आणि दाबावर चालणारी यंत्रं आली आहेत, पण मी शिकलो ते या लेखणीवर. भरती भरत आली की लेखणीचा वेग कमी होतो, मग ती जणू थांबते. कागद सरकतो आणि रेघ आडवीच्या आडवी उमटत राहते, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. बाहेर फेसाचा एखादा पुंजका जागच्या जागी फिरत असतो. मग रेघ केसभर खाली झुकते. त्या झुकण्याची वेळ नोंदवण्यासाठी मी कित्येक रात्री जागलो आहे, आणि ते पाहायचा कंटाळा मला कधी आला नाही.

त्या कागदावर एकच लाट दिसते, पण ती अनेक साध्या लाटांची बेरीज असते. चंद्राची मुख्य लाट १२.४२ तासांची, सूर्याची नेमकी १२ तासांची, चंद्राच्या जवळ-लांब होण्याची १२.६६ तासांची, दिवसाला एकदा येणाऱ्या आणखी काही. त्यांचे कालावधी खगोलशास्त्राने पक्के ठरवलेले आहेत, किनारा त्यांत काडीचाही बदल करू शकत नाही. किनारा ठरवतो प्रत्येक लाटेची उंची आणि तिचा उशीर. वर्षभराची नोंद हाताशी असली की या दोन्ही गोष्टी प्रत्येक लाटेसाठी वेगळ्या काढता येतात, आणि मग त्याच लाटा पुढच्या वर्षांत चालवत न्यायच्या. ही पद्धत ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांनी १८६७ च्या सुमारास उभी केली, आणि १८७२-७३ मध्ये त्यांनी ही बेरीज चाकं आणि कप्प्यांनी करणारं यंत्र बनवलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरवण्यासाठी लागणारं भरतीचं गणित ब्रिटिश भरतीतज्ज्ञ आर्थर डूडसन यांनी अशाच यंत्रांवर केलं. पहाटेनंतर लगेच पाणी खाली आणि चढतीला लागलेलं हवं होतं, म्हणजे किनाऱ्यावर रोवलेले अडथळे उघडे दिसतील. अशा वेळा महिन्यातल्या मोजक्याच दिवसांना जुळत होत्या.

हे कोष्टक चंद्र-सूर्याचं आहे, हवामानाचं नाही, हे किनाऱ्यावर वावरणाऱ्याने कधी विसरू नये. हवेचा दाब १ मिलिबारने उतरला की पाणी साधारण १ सेंटीमीटरने चढतं. चक्रीवादळात दाब ५० मिलिबारने पडला तर अर्धा मीटर तिथेच वाढला, आणि वारा पाणी किनाऱ्याकडे रेटतो ते वेगळंच. अशी फुगी उधाणाच्या भरतीवर स्वार झाली की अनर्थ होतो. त्सुनामीला काही जण भरतीची लाट म्हणतात, तिचा भरतीशी काडीमात्र संबंध नाही.

आणखी एक कामाची गोष्ट. पाणी सहा तासांत सारख्या गतीने चढत नाही. चढ ३.६ मीटरचा असेल तर पहिल्या तासात साधारण ३० सेंटीमीटर, दुसऱ्यात ६०, तिसऱ्या आणि चौथ्यात ९०-९०, मग पुन्हा ६० आणि ३०. ओहोटीत खडकांवर लांब गेलेली माणसं पहिल्या तासाचं संथ पाणी पाहून निर्धास्त राहतात आणि तिसऱ्या तासाला अडकतात. हा हिशेब बहुतेक किनाऱ्यांवर ढोबळ मानाने चालतो. चिंचोळ्या खाड्यांत आणि दिवसाला एकच भरती येते तिथे तो वापरू नका.

ओढीतल्या या फरकाला जमीनही अपवाद नाही. घट्ट वाटणारा खडक रोज वर-खाली होतो, काही ठिकाणी ३० सेंटीमीटरपर्यंत, पण सोबत आपण, घरं, रस्ते सगळंच हलत असल्यामुळे जाणवत नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या २७ किलोमीटर घेराच्या कणत्वरकाचा घेर या जमिनीच्या भरतीमुळे सुमारे १ मिलिमीटरने बदलतो, आणि तिथल्या शास्त्रज्ञांना तो हिशेबात धरावा लागला होता. समुद्रातली भरती उथळ तळांवर घासत जाते, त्या घर्षणाने पृथ्वीची फिरकी मंदावते आणि दिवस शतकाला साधारण २ मिलिसेकंदांनी लांबतो. पृथ्वी जी फिरकी गमावते ती चंद्राच्या कक्षेला मिळते, म्हणून चंद्र दरवर्षी ३.८ सेंटीमीटरने लांब चाललाय. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसर सोडून हे अंतर मोजलं जातं.

तुम्हाला हे स्वतः पडताळायचं असेल तर कोणत्याही एका बंदराचं महिन्याभराचं कोष्टक घ्या. त्याच्या शेजारी रोज चंद्र माथ्यावर येण्याची वेळ लिहा आणि त्यानंतर भरती किती वेळाने आली ते काढा. बंदर चंद्राच्या भरतीचं असेल तर हा उशीर महिनाभर एकाच आकड्याच्या आगेमागे घुटमळेल, थोडा उधाण-भांगाप्रमाणे कमी-जास्त होत. एखाद्या बंदरात तो दोन तास निघेल, दुसऱ्यात अकरा. अमावास्येला आणि पौर्णिमेला चंद्र दुपारी किंवा मध्यरात्री बाराच्या सुमारास माथ्यावर येतो, म्हणून त्या दोन तिथींना एका बंदरात भरती वर्षभर जवळजवळ ठरलेल्या वेळीच दिसेल, आणि पुढे प्रत्येक तिथीला पाऊण-पाऊण तास सरकेल. यंत्रं येण्याआधी जहाजावरचे लोक प्रत्येक बंदरासमोर हा एकच आकडा टिपून ठेवत. मग सर्वांत मोठी भरती कोणत्या दिवशी आली तेही बघा. ती बहुधा पौर्णिमेच्या दिवशी नसेल, एक-दोन दिवस उशिरा असेल: ओढ कमाल झाली तरी एवढं पाणी हलायला वेळ घेतं.